नाश्त्याआधीचं मौन

मुंबईची माणसं मे महिन्यात डोंगरावर जातात. आम्ही मे महिन्यात डोंगरावरून मुंबईत येतो, तेही परळला. यातला विनोद मला कळतो. तरी दरवर्षी कोणीतरी तो मला समजावून सांगतंच.

कारण पाण्याचं आहे. जुन्नरच्या पलीकडे घाटमाथ्यावर आमचं आश्रयस्थान आहे. शेवटचा एसटीचा थांबा सोडला की दोन तासांची चढण. वर दगडी भिंतींची चार घरं, एक लहान उपासनागृह, भाकरीची चूल, पावाची भट्टी आणि एक झरा. एप्रिल संपत आला की झऱ्याची धार करंगळीएवढी होते. त्याच झऱ्यावर खालच्या वाडीतल्या बायका हंडे घेऊन येतात. आम्ही अकरा जण वर बसून राहिलो तर त्यांचा नंबर दुपारी लागतो. म्हणून आम्ही उतरतो आणि आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, परळच्या हॉलमध्ये पाऊस सुरू होईपर्यंत राहतो. वाडीवर उपकार म्हणून नाही. झरा आधी त्यांचा आहे.

आम्ही लुथेरन. परळमध्ये हा शब्द उच्चारला की पुढचा प्रश्न ठरलेला, "म्हणजे माहीमच्या बुधवारवाले का?" नाही. ते कॅथलिक, दर बुधवारी माहीमच्या चर्चला रांग लावणारे. मी स्वतः लग्नाने लुथेरन झाले. नवऱ्याची माणसं छिंदवाड्याकडची, माझं माहेर इथलंच, परळच्या चाळीतलं. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. त्याबद्दल मी इथे काही लिहिणार नाही. एका हॉस्पिटलचं स्टोअर मी बावीस वर्षं सांभाळलं. वरच्या जागेची व्यवस्था पाहायला मंडळीच्या पंचांना कोणीतरी हवं होतं. ते आधी पाळक, म्हणजे पाद्री, शोधत होते. सहा महिने एकही पाळक तयार झाला नाही, तेव्हा त्यांना माझी आठवण झाली. सात वर्षं झाली त्याला.

वर राहायचे नियम मी केलेले नाहीत, जुने आहेत. कामं चिठ्ठ्या टाकून वाटायची. रविवारी संध्याकाळी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात चिठ्ठ्या घालतात, प्रत्येकाने एक उचलायची आणि आठवडाभर ते काम करायचं. भांडी, संडास, भट्टी, घंटा, उपदेश. आमच्याकडे बटाटे सोलणं आणि उपदेश करणं यात वरखाली नाही, आणि आम्ही हे नुसतं बोलत नाही. पाहुणा पाळक आला आणि त्याला संडास आले तर तो संडास धुतो. एक जण कंबरेचं कारण सांगायला लागला, तेव्हा मी त्याला लांब दांड्याचा ब्रश दिला.

दुसरं, कोणी का आलं हे विचारायचं नाही. सांगितलं तर ऐकायचं.

आणि तिसरं, उठल्यापासून नाश्त्याच्या घंटेपर्यंत बोलायचं नाही. साडेसातला घंटा होते. पितळेची थाळी आणि लाकडी हातोडी, शाळेत तास द्यायची असते तशी. पण मौन संपतं ते घंटेने, घड्याळाने नाही. एका वर्षी घंटेची चिठ्ठी आलेले काका झोपून राहिले. आम्ही साडेनऊपर्यंत एकमेकांची तोंडं बघत काम करत होतो. कोणीही त्यांना हाक मारली नाही, कारण हाक मारणं म्हणजे बोलणं. हलवून उठवता आलं असतं हे कोणाला सुचलं नाही. तेव्हापासून घंटेच्या बाबतीत मी फार कडक आहे. साडेसात म्हणजे साडेसात. एकतीस झाले तर मी दिवसभर ऐकवते.

परळमध्ये हे मौन पाळणं म्हणजे थट्टा वाटेल. खाली दूधवाला, समोरच्या टॉवरच्या कामाची मशीन, शेजारच्या चाळीत तीन मजल्यांवर वेगवेगळ्या बातम्या. हॉलची खिडकी त्या चाळीच्या गॅलरीला जवळजवळ टेकलेली आहे. तिथल्या मालवणी मावशी पहिल्या वर्षी आमच्याकडे पाच मिनिटं टक लावून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "काय गो, रातीक भांडलात काय सगळी?" कोणी उत्तर दिलं नाही. घंटा झाल्यावर मी खिडकीत जाऊन नियम सांगितला. मावशी म्हणाल्या, "माझ्या सुनेक पाठवतंय उद्यापासून."

आता मुद्द्याचं. मागच्या वर्षी जूनमध्ये, आम्ही वर परतल्यावर आठवडाभरात, एक बाई एकटी चढून आली. वय चाळिसाच्या आसपास, खांद्याला एक बॅग, पायात घरातल्या स्लिपर. ती आमच्याच मंडळीतली होती, त्यामुळे मी तिला ओळखत होते. रविवारी उपासनेला सासूच्या शेजारी बसायची. सासर लालबागला. पंधरा वर्षं झाली होती लग्नाला. तिचा धाकटा दीर आमच्या पंचांचा सेक्रेटरी. मी तिला पाणी दिलं, खोली दाखवली आणि डब्यातून चिठ्ठी काढायला लावली. भांडी आली. तिने बॅग ठेवली आणि भांडी घासायला घेतली. दहा महिने ती आमच्यात होती, आणि ती का आली हे मला माहीत नव्हतं.

एप्रिलच्या मध्यावर पंचांची सभा दादरला होती. अध्यक्ष गिरगावातले निवृत्त हेडमास्तर, बाकी चार जण. सेक्रेटरीने विषय काढला.

"बाई, यंदा मे महिन्यात हॉलला रंग काढायचाय."

"दर मेमध्ये आम्ही तिथे असतो."

"ते झालंच. पण महिनाभर आपापल्या घरी राहिले सगळे तर काय बिघडेल?"

"घरी राहायचं असतं तर डोंगर कशाला चढले असते?"

"सगळ्यांचं नका सांगू. काहींना घर आहे. चांगलं घर आहे." त्याने पेनचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. "आता विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. वहिनींचं नेमकं कारण काय?"

"मी विचारलं नाही."

"दहा महिने ती तुमच्याकडे आहे आणि तुम्ही विचारलं नाही?"

"पंधरा वर्षं ती तुमच्याकडे होती. तुम्ही विचारलंत?"

अध्यक्षांनी चहाच्या कपात बघितलं, जणू उत्तर तळाशी होतं. मग ते म्हणाले, रंग पावसानंतर लावू. सेक्रेटरीने ते लिहून घेतलं. त्याचं अक्षर सुंदर आहे.

मी त्याला वाईट माणूस म्हणणार नाही. तो तीनदा वर येऊन राहिला आहे, भांडीही चांगली घासतो. पण घरातलं माणूस घराबाहेर आहे ही गोष्ट त्याला दातात अडकलेल्या कणासारखी टोचत होती, आणि तो कण काढायचं काम माझं आहे असं त्याचं मत होतं.

वर गेल्यावर मी तिला सगळं सांगितलं. हॉलपासून लालबाग पायी पंधरा मिनिटांवर आहे. वर दोन तासांची चढण तिच्या बाजूने होती, खाली ती नसेल. माटुंग्याला माझी बहीण आहे, महिनाभर तिच्याकडे राहायचं असेल तर मी सोय करते.

"बाकीचे कुठे राहणार?" तिने विचारलं.

"हॉलमध्ये."

"मग मी पण हॉलमध्ये."

"ते लोक येतील."

"येतीलच," ती म्हणाली आणि पिठाचं भांडं घासायला लागली.

मेच्या पहिल्या आठवड्यात आम्ही उतरलो. पातेली, डबा, घंटा, अकरा माणसं. पहिले आठ दिवस काही झालं नाही. दुसऱ्या रविवारी चिठ्ठ्या काढल्या. मला संडास आले आणि तिला घंटा आली. घंटा हॉलच्या दाराशी टांगलेली असते, रस्त्यावरून दिसते. चिठ्ठी बदलून तिला आत मोरीकडचं काम द्यावं, असं माझ्या मनात आलं, हे मी कबूल करते. हात डब्यापर्यंत गेलाही होता. पण एकदा मी चिठ्ठी बदलली की तो डबा पुन्हा बिस्किटांचाच होतो. मी हात मागे घेतला.

मंगळवारी सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी सेक्रेटरी आला. इस्त्रीचा शर्ट, ऑफिसची बॅग. आम्ही सगळे जमिनीवर सतरंजीवर बसून तांदूळ निवडत होतो. रेल्वेत नोकरी केलेले एक तमिळ काका स्वयंपाकाला होते, ते कांदा चिरत होते. ती दाराजवळ घंटेखाली बसली होती, मांडीवर ताट.

त्याने वेळ विचार करून निवडली होती. त्याला नियम तोंडपाठ होते. साडेसातपर्यंत मी बोलू शकत नाही, आणि माझं तोंड कसं आहे ते त्याला दादरला कळलं होतं. पंचवीस मिनिटं त्याची एकट्याची, समोर दहा साक्षीदार, आणि उलट उत्तर करणारं कोणी नाही.

"वहिनी," तो उभ्यानेच म्हणाला, "मी भांडायला आलो नाही. घरी चला, एवढंच सांगायला आलोय. आईचे गुडघे गेलेत. तिला जिना उतरवत नाही. ती काही बोलत नाही, पण रोज तुमचं ताट काढते."

तिने एक खडा बाजूला ठेवला.

"दादा आला नाही. मीच म्हटलं, मी बोलतो. तो फार बोलत नाही, तुम्हाला माहितीये. पण तो जेवत नाही धड. मंडळीत लोक विचारतात. मी काय सांगू लोकांना? डोंगर बघायला गेल्यात? अकरा महिने?"

मी ताटात बघत होते. माझ्या जिभेवर चार उत्तरं तयार होती, त्यातलं एक तर फारच चांगलं होतं. मी दात आवळून बसले. सात वर्षांत त्या मौनाचा मला इतका राग कधी आला नव्हता.

त्याने बॅगेतून एक किल्ली काढली आणि तिच्या ताटाच्या शेजारी सतरंजीवर ठेवली. "लॅच बदललंय. ही तुमची. तुमची किल्ली आम्ही करून ठेवली, वहिनी. ज्यांना माणूस नको असतं ते किल्ली करत नाहीत."

हे त्याने चांगलं म्हटलं. मलाही ते लागलं. मी तिच्याकडे बघितलं. ती तांदूळ निवडत होती, आधी होता त्याच वेगाने.

सात सत्तावीस. सात अठ्ठावीस. त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि जरा घाई केली. "एक वाक्य बोला. हो किंवा नाही. घंटा होईल आता, मग बाई बोलायला लागतील, तुम्हाला बोलू देणार नाहीत. त्याच्या आत तुम्ही सांगा."

साडेसात झाले.

ती उठली नाही. तिने ताटातले निवडलेले तांदूळ पातेल्यात ओतले, गोणीतून दोन मुठी नवे घेतले आणि ताट पुन्हा मांडीवर घेतलं.

एकतीस. बत्तीस. काकांनी पोह्यांची कढई उतरवली होती, ते माझ्याकडे बघत होते. सगळेच माझ्याकडे बघत होते. कारण त्यांना माहीत होतं, साडेसात म्हणजे साडेसात हे कोण म्हणतं. मला फक्त घड्याळाकडे बोट दाखवायचं होतं. तेवढ्याने नियमही मोडला नसता.

मी तिच्या हातांकडे बघितलं. ती विसरली नव्हती. तिला बोलायचं होतं, पण त्याने नेमून दिलेल्या वेळात नाही. मी बोट उचललं नाही आणि तांदूळ निवडायला लागले.

"हे काय चाललंय?" तो म्हणाला. "साडेसात होऊन गेले. बाई, तुम्ही बोला ना आता."

मी मान हलवली आणि घंटेकडे बघितलं. आणि त्याला कळलं. मी ते त्याच्या चेहऱ्यावर बघितलं. ज्या नियमावर त्याने हा बेत आखला होता, तो त्याला अर्धाच आठवला होता.

पावणेआठला तो रागावला. मोठ्याने बोलला, तमाशा म्हणाला, पंचांपुढे ठेवीन म्हणाला. शेजारच्या गॅलरीतून मावशी ओरडल्या, "अरे बाबा, घंटा होऊक व्हयी! तोवर थय कोण बोलूचो नाय. उगीच घसो कित्याक सुकवतंस?" मग त्यांनी आत बघून कोणाला तरी सांगितलं, "लवकर ये गो, हय बघ."

आठ वाजले. माणूस एकटा किती वेळ बोलू शकतो? मी पाळक पाहिलेत, पण त्यांच्यासमोर लोक निदान आमेन म्हणतात. तो पुन्हा आईच्या गुडघ्यांवर आला, मग लोकांवर, मग त्याच वाक्यांवर, फक्त हळू आवाजात. शेवटी त्याने बॅग भिंतीला टेकवली आणि खाली बसला. काकांनी सवयीने एक ताट त्याच्यापुढे सरकवलं. आमच्यात बसलेल्या माणसासमोर ताट येतंच. त्याने ताटाकडे बघितलं. मग तोही तांदूळ निवडायला लागला. तीनदा येऊन राहिला होता वर. हाताला सवय होती.

पंधरा-वीस मिनिटं हॉलमध्ये फक्त ताटांचा आवाज होता. समोरच्या टॉवरची मशीनही मधे थांबली, बहुधा त्यांचाही चहा होता.

आठ वाजून बावीस मिनिटांनी ती उठली. हातोडी घेतली. एक ठोका. रोज तीन असतात.

"भाऊजी," ती म्हणाली, "मी येत नाही."

त्याने मान वर केली नाही. "मग घरी काय सांगू?"

"येत नाही, एवढंच सांगा."

"कारण विचारतील."

"विचारू देत."

"मला तरी सांगा."

"तुम्ही आता पंधरा मिनिटं काही न बोलता बसलात," ती म्हणाली. "जिथे इतका वेळ कोणी गप्प बसू शकतं, तिथे मी आहे. आईंना सांगा, ताट काढू नका."

तिने किल्ली उचलली आणि त्याच्या शर्टाच्या खिशात टाकली. "ही घेऊन जा. माझ्याकडे हरवेल."

"पोहे?" काकांनी विचारलं. काका व्यवहारी माणूस आहे.

"चहा घेतो फक्त," तो म्हणाला. चहा उभ्याने प्यायला, कप स्वतः धुतला आणि गेला. दारात थांबून माझ्याकडे वळला. "तुम्हाला पत्र येईल."

"पाठवा," मी म्हटलं. त्या सकाळचा माझा पहिला शब्द तो. चारही उत्तरं तशीच राहिली. मग मी बाकीच्यांकडे वळले. "पोहे गार झालेत. पुन्हा परतू नका, वातड होतील. तसेच खा." आणि मी बादली घेऊन संडास धुवायला गेले. माझी चिठ्ठी होती ती.

पत्र आठ दिवसांनी आलं, त्याच सुंदर अक्षरात. नाश्त्याची घंटा बावन्न मिनिटं उशिरा का झाली आणि संचालिका या नात्याने मी हस्तक्षेप का केला नाही, याचा लेखी खुलासा मागितला होता. वहिनींचा उल्लेख त्यात नव्हता. मी उत्तर लिहिलं: घंटा ज्याच्या हातात असते, मौन त्याने संपवायचं. नियम माझ्या आधीचा आहे, पंचांच्या जुन्या वहीत आहे. मला काढायचं असेल तर काढा. चढण दोन तासांची आहे आणि जूनमध्ये निसरडी असते, हे नव्या माणसाला आधी सांगा.

दादरच्या पुढच्या सभेत अध्यक्षांनी ते मोठ्याने वाचलं. माझ्या जागी वर जायला कोण तयार आहे, असं त्यांनी विचारलं. पाचही जणांना आपापल्या चपला आठवल्या. पुढच्या वर्षी मे महिन्यात हॉल मिळणार की नाही, यावर मात्र निर्णय झाला नाही. नाही मिळाला तर मी हॉलच्या कंपाउंडमध्ये सतरंजी टाकीन, हे मी तिथेच सांगितलं. मावशी गॅलरीतून लाइट देतील. मी विचारून ठेवलंय.

जूनमध्ये आम्ही वर गेलो. झऱ्याला पाणी होतं, वाडीतल्या बायका भरून गेल्या होत्या. ती सर्वांत पुढे चालत होती, पाठीवर पातेली. पायात नवे बूट, परळच्या फुटपाथवर घेतलेले, एक नंबर मोठे.

लोक अजून मला विचारतात, मंडळीतलेही विचारतात, की तिने नवऱ्याला का सोडलं. मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. ज्याला हे जमत नसेल त्याने वर येऊ नये. आणि आलाच तर डब्यातून चिठ्ठी काढावी लागेल. संडास कधी कोणाला येतील, सांगता येत नाही.